डाव्या हातावरची बाळं

“पुलापलीकडच्या हॉस्पिटलात बाळं चौपट मरतायत!” वार्ताहर हातातला कागद नाचवत डेस्कपाशी आला. “टेकडीवरच्या हॉस्पिटलात शंभरात एक आणि पुलापलीकडे शंभरात चार. आरोग्य खात्याचे आकडे आहेत, माझ्या मनाचे नाहीत. पहिल्या पानाची बातमी आहे ही!”

टेबलाच्या टोकाला बसलेल्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. पुढचा शब्द सगळ्यांना पाठ होता. तिघा-चौघांनी तो एका सुरात म्हणून टाकला, “कितीपैकी?”

हशा पिकला. बाईही हसल्या. या कचेरीत त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं, आणि त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी कुणाला तरी आठवायचं. एरवी त्या ‘कितीपैकीबाई’. आलेली बातमी छापण्याआधी तपासायची, हे त्यांचं काम. शुद्धलेखन, नावं, तारखा हे सगळे तपासतात. बाईंचा जीव अडकायचा तो आकड्यांत. ‘शहरात सायकलचोऱ्या दुप्पट’ अशी बातमी एकदा आली होती. बाईंनी पोलिसात फोन लावला, तर आदल्या महिन्यात एक सायकल गेली होती आणि या महिन्यात दोन. त्यातलीही एक मालकाच्या मेव्हण्याच्या अंगणात सापडली. ‘दहापैकी नऊ बायकांचे केस गळायचे थांबले’ अशी एका शाम्पूची जाहिरात होती. त्या दहाही बायका शाम्पू कंपनीतच नोकरीला निघाल्या.

घरीही तीच तऱ्हा. नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. तो जेवताना म्हणायचा, “आज जेवण शंभर टक्के झकास!” आणि बाईंनी तोंड उघडायच्या आत पुढचं जोडायचा, “जेवणारा एक, खूश झालेला एक. विचार आणखी काय विचारायचंय ते.”

पण आज बाईंचं हसू ओठांवरच विरलं. कागद हातात घेऊन त्यांनी एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला आणि उठून सरळ संपादकांच्या खोलीत गेल्या. वार्ताहर मागोमाग.

“साहेब, आधी एक सांगते,” बाई म्हणाल्या. “पुलापलीकडच्या त्या बाळांच्या वॉर्डात माझी ताई मोठी सिस्टर आहे. तेव्हा या बातमीला मी हात लावणं बरं नाही.”

“मग नका लावू. सोपं आहे,” संपादक म्हणाले. ते तुटक बोलायचे, पण मनाचे वाकडे नव्हते.

“नाही लावत. पण एवढं ऐका. टेकडीवर एखादं बाळ हाताबाहेर जायला लागलं की ते गाडीत घालून पुलापलीकडे पाठवतात. तिथं ते गेलं, तर मरण कुणाच्या नावावर पडतं?”

वार्ताहराने डोकं खाजवलं. “जिथं गेलं तिथल्या.”

“म्हणजे टेकडीचा हिशेब स्वच्छ राहतो आणि हे बदनाम. आजारी माणसं जिथं जास्त येणार तिथं मरणंही जास्त होणार. उद्या अग्निशामक दल जातं तिथंच आगी लागतात, असंही छापाल!”

संपादकांनी कागद उलटा करून ठेवला. “उद्या संध्याकाळपर्यंत थांबतो. पाठवलेली किती, तिथलीच किती, हे याने शोधायचं. तुम्ही नाही.”

“मी फक्त ताईला सांगते, याच्याशी बोल म्हणून.”

“तेवढं सांगा.”

बाई निघाल्या त्या हलक्या मनानेच. ताई त्यांना आईसारखीच होती. आई गेली तेव्हा बाई शाळेत होत्या. वेण्या घालणं, प्रगतिपुस्तकावर सही करणं, तापात रात्र काढणं सगळं ताईनेच केलं. ताईने लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, “इतकी पोरं पदरात आहेत, आणखी एक नवरा कुठं सांभाळू?” आता निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती, आणि अशात वर्तमानपत्राने तिच्या वॉर्डाला मरणाचं दार म्हणावं? बाईंना ते सहन होण्यासारखं नव्हतं. शिवाय मनात थोडी ऐटही होती. आयुष्यभर लोकांच्या आकड्यांची चिरफाड केली, आज ते कसब घरच्या माणसाच्या उपयोगी पडणार होतं.

ताई स्वयंपाकघरात गणवेशाला इस्त्री करत होती. सगळं ऐकून तिने इस्त्री उभी केली.

“चौपट?” ती म्हणाली. “अगं, टेकडीवाले आम्हाला काय पाठवतात ते येऊन बघ म्हणावं! तळहाताएवढी बाळं. निळी पडलेली. गाडीतच अर्धा जीव गेलेला. त्यांतली कितीतरी आम्ही घरी पाठवली. ते कुठं छापतात?”

“तेच तर मी म्हटलं! उद्या आमचा वार्ताहर फोन करेल. त्याला नीट सांग. यंदा गेलेल्या बाळांत बाहेरून आलेली किती होती?”

“किती म्हणजे? मला एकेक आठवतंय.”

ताई खुर्चीवर बसली. कागद-पेन तिने मागितलं नाही. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवून ती सांगू लागली.

“ते जुळ्यांतलं धाकटं. टेकडीवरून आलेलं. मग ती शाळेतल्या बाईंची मुलगी, सातव्या महिन्यातली. मग ते पावसात आलेलं, त्याच्या बापाच्या पायात चप्पल नव्हती...”

एकेक पेर भरत गेलं. उजव्या हाताची बारा पेरं संपली, तशी ताईने पुन्हा करंगळीपासून सुरुवात केली. बाई मान डोलावत होत्या. मनातल्या मनात बातमी उलटी लिहून होत आली होती.

“आणि तुमच्याकडंच जन्मलेली? पूर्ण दिवसांची, धडधाकट?” त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी मुद्दाम विचारला नव्हता. बातमीच्या दोन बाजू असतात, आणि दुसरी विचारायची त्यांच्या जिभेला सवय होती, इतकंच.

“ती कसली, एखाददुसरं. दरवर्षी एखादं जातंच, काही इलाज नसतो.” ताईने आता डावा हात पुढे केला. “एक ते हृदयाला भोक असलेलं. ते तर पहिल्याच आठवड्यात गेलं. दुसरी, बसवाल्याची मुलगी. तिला ताप चढला, उतरलाच नाही. मग तो मुलगा... त्याला धाप लागली. मग ती लांब केसांची बाई, तिचं पहिलंच होतं, मुलगा. त्यालाही ताप. मग...”

ताईचा आवाज हळू झाला. अंगठा मात्र पुढे सरकत राहिला. अनामिकेच्या शेवटच्या पेरावरून तो शेजारच्या मधल्या बोटावर गेला आणि तिथंच थांबला.

“सात,” ताई म्हणाली.

बाईंची डोलणारी मान थांबली.

“सात कशी होतील? चुकलं माझं.” तिने पुन्हा मोजलं. या वेळी ती नुसते ओठ हलवत होती. पुन्हा तिथंच येऊन थांबली.

“गेल्या वर्षी किती होती, ताई?”

“एक. त्याच्या आधीच्या वर्षी दोन.”

“मग एवढी गेली आणि कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?”

“कसं येणार? एकेक बाळ एकेकटंच गेलं गं. दर वेळी वेगळी पाळी, वेगळा डॉक्टर. कुणाला ताप, कुणाला धाप. दर वेळी कारण होतंच. आणि मधे त्या टेकडीवरच्यांची गर्दी.” ताई डाव्या हाताकडे बघत होती. “हृदयवालं सोडलं, तर बाकीची सहाही नव्या खोलीतली.”

नव्या खोलीची गोष्ट बाईंना ठाऊक होती. जुन्या खोलीत हात धुवायला व्हरांड्यात जावं लागायचं. घाईत कुणी कंटाळा करायचं. ताईने वर्षानुवर्षं अर्ज केले, भांडली, वरिष्ठांची बोलणी खाल्ली, आणि शेवटी नवी खोली मिळवली. बाळांना उबेत ठेवायच्या पेट्यांना लागूनच बेसिन. पहिल्या दिवशी ती लहान मुलासारखी फोनवर सांगत होती, “अगं, वळलं की नळ!”

“त्यानंतर झालं म्हणजे त्यामुळेच झालं, असं नसतं,” बाई म्हणाल्या. “योगायोगही असू शकतो. थोड्या आकड्यांत असं होतं कधी कधी. आधी तपासायला हवं.”

“मला नको शिकवूस!” ताई ताडकन उठली. “मीही तेच म्हणतेय स्वतःला, तू बोलायच्या आधीपासून.” मग पाठ फिरवून तिने विचारलं, “छोटे, तू मला वाचवायला आली होतीस, की मोजायला?”

बाई म्हणाल्या, “मी बातमीला हात लावणार नाहीये. साहेबांना तसं सांगून आलेय. उजव्या हातावरची वार्ताहराला सांग. तेही खरंच आहे.”

“आणि डाव्या हातावरची?”

“ते तुझं तू ठरव.”

जिन्यावरून उतरताना बाईंना वाटलं, मागे जावं आणि म्हणावं, नको सांगूस कुणाला. पाय वळले नाहीत. घरी नवऱ्याने जेवण कसं झालंय ते सांगितलं आणि वाट बघितली. बाईंनी काहीच विचारलं नाही, तेव्हा त्याने घास खाली ठेवला. “काय झालं गं?” बाईंनी सगळं सांगितलं. ऐकून तो एवढंच म्हणाला, “ताई गप्प बसायची नाही. तिला ओळखतो मी.”

तसंच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई मोठ्या डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिली. खोली बंद करा, पाणी तपासा, बेसिन तपासा, असं सांगितलं. डॉक्टर वाईट नव्हते, पण धास्तावले होते. आरोग्य खात्याचे आकडे त्यांच्याही हाती आले होते.

“सिस्टर, आपली बाजू भक्कम आहे,” ते म्हणाले. “टेकडीवाले बाळं आपल्या गळ्यात मारतात, हे लोकांना कळू दे आधी. तुमची बहीण पेपरात आहे ना? तपासणी करू की महिन्याभराने, सगळं शांत झाल्यावर.”

“महिन्याभरात आणखी एखादं गेलं तर?”

“तुम्हाला तरी खात्री आहे का बेसिनचीच?”

“नाही,” ताई म्हणाली. “म्हणून तर तपासा म्हणतेय.”

डॉक्टर टेबलावरचे कागद सारखे करत बसले. ताई बाहेर आली, आणि पाळीवरच्या दोघी नर्सना हाताशी घेऊन तिने पेट्या ढकलत जुन्या खोलीत नेल्या. एकेक पेटी, नळ्या सांभाळत, उंबऱ्यावर उचलून. कुणाची लेखी परवानगी नव्हती. डॉक्टर दारात आले, त्यांनी बघितलं आणि शेवटच्या पेटीला स्वतःही हात लावला.

दुपारी कचेरीत वार्ताहराच्या टेबलावरचा फोन वाजला. दोन टेबलं सोडून बाई बसल्या होत्या. त्याने आधी हसत “बोला, बोला सिस्टर” म्हटलं. मग तो भराभर लिहू लागला. मग लिहायचा थांबला. त्याने चोरून बाईंकडे बघितलं आणि नजर वळवली. बाईंना कळलं. समोरच्या पानावर हवामानाचा अंदाज होता. त्या तोच पुन्हा पुन्हा तपासत राहिल्या.

संध्याकाळी संपादक बाहेर आले. “बाई, तुमच्या ताईंनी दोन्ही सांगितलंय. टेकडीची लबाडीही आणि त्यांच्या खोलीचंही. नावानिशी छापा म्हणाल्यात.” ते क्षणभर घुटमळले. “मथळा काय द्यायचा?”

“मी नाही सांगणार, साहेब.”

“बरोबर आहे.”

बातमी आली ती चांगली होती. वार्ताहराने मन लावून लिहिली होती. चौपटीचा आकडा फसवा का आहे, ते आधी समजावलं होतं. मग नव्या खोलीतल्या सहा मृत्यूंबद्दल, आणि कारण अजून ठाऊक नाही, हेही स्पष्ट होतं. पण वाचणाऱ्यांच्या लक्षात काय राहायचं तेच राहिलं. किराणावाल्याने ताईकडे न बघता पिशवी पुढे सरकवली. खालच्या मजल्यावरची सून पोर कडेवर घेऊन जिन्यात तिला टाळून पुढे गेली, एरवी ते पोर ताईकडे झेप घ्यायचं. “स्वतःच सांगितलं म्हणजे स्वतःचंच काहीतरी असणार,” असंही बोललं गेलं. टेकडीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

ताईला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. तपासणीत बेसिनच्या मोरीत, म्हणजे पाणी जायच्या भोकात, जंतू सापडले. नळ सोडला की पाणी मोरीवर आपटायचं, आणि न दिसणारे शिंतोडे शेजारच्या पेटीपर्यंत जायचे. हात जितके जास्त धुवावेत तितके जास्त. सहांपैकी चार बाळांच्या रक्तात तेच जंतू होते. उरलेल्या दोघांचं कळू शकलं नाही. बेसिन उखडलं गेलं. चौकशीत दोष कुणावरच आला नाही. बेसिन कुठं बसवावं हे ताईने नव्हतं ठरवलं, तिने फक्त मागितलं होतं. पत्र आलं की उद्यापासून रुजू व्हा. ताईने ते वाचलं, साठलेली रजा टाकली आणि मुदतीआधीच निवृत्ती घेतली. ती परत वॉर्डात गेली नाही.

त्या दिवसांत ती बाईंशीही बोलली नाही. बाई फोन करायच्या, तिकडून “बरी आहे” एवढंच यायचं. मग एका शनिवारी तिचाच फोन आला. “उद्या येतेस ना? येताना कांदे आण. आणि नवऱ्याला सांग, भिंतीवरचं घड्याळ पुन्हा मागे पडायला लागलंय.” बाई फोन ठेवून बराच वेळ रडल्या. नवरा शेजारी येऊन बसला. त्याला वाटलं, काहीतरी वाईट झालं.

“कांदे आणायला सांगितलेत,” बाई म्हणाल्या.

तेव्हापासून रविवार पुन्हा सुरू झाले. ताईने वार्ताहराला केलेल्या फोनबद्दल आणि त्या पेरांबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत. ताई कुंड्यांना पाणी घालायची, बाई वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या. बातमीत आकडा आला की दोघी थोड्या थांबायच्या आणि पुढे जायच्या.

अशाच एका रविवारी, दुपारी, दार वाजलं. बाईंनी उघडलं. दारात एक तरुण बाई उभी होती. लांब केसांची, हडकलेली. हातात रिकामी पिशवी उगाचच धरलेली.

“हॉस्पिटलातल्या मोठ्या सिस्टर इथंच राहतात ना?”

त्या दाराआड अशा उभ्या राहिल्या की आत दिसू नये. “त्यांची तब्येत बरी नाही,” त्यांनी सरळ थाप मारली.

“कोण आहे गं?” आतून ताई आली आणि थबकली. तिने तिला ओळखलं होतं.

“मी भांडायला नाही आले,” ती तरुण बाई घाईने म्हणाली. “आले होते एकदा, खालूनच परत गेले. तेव्हा भांडायलाच आले होते.” ती पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिली. “ऑपरेशननंतर मलाच ताप होता. मला त्याच्यापाशी जाऊ दिलं नाही. मी त्याला बघितलं ते कापडात गुंडाळलेलाच. तीन दिवस होता तो. घरात कुणी विषय काढत नाही. नवरा म्हणतो, विसर. पण मला काही माहीतच नाही, तर विसरू काय? तुम्ही होतात ना त्याच्याजवळ?”

“होते,” ताई म्हणाली. “ये. आत ये.”

तिने तिला खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर स्टूल ओढून घेतलं. बाई चहा टाकायला म्हणून आत गेल्या. गॅस पेटवला, पाणी ठेवलं. भिंतीपलीकडून ताईचा आवाज आला, वॉर्डात आयांशी बोलायची तसा, सावकाश.

“उजव्या कानावर बारीक लव होती त्याच्या. सोनेरी. आम्ही सगळ्या हसायचो. आणि पायाचा अंगठा सारखा वर. मोजा घातला की लाथ मारून काढायचा.”

“केस?”

“भरपूर. तुझ्यासारखे. एका बाजूला वळायचे, किती बसवले तरी. आणि उचकी लागायची त्याला, दूध प्यायला की. उचकी आली की स्वतःच दचकायचा आणि मग रागाने बघायचा, जणू काही मीच केलं.”

ती तरुण बाई हसली. खरोखरची हसली, आणि हसता हसताच तिचा आवाज फुटला. ताई थांबली नाही. बोट कसं धरायचा, रडताना ओठ कसा दुमडायचा, कुठल्या कुशीवर झोप लागायची, एकेक सांगत राहिली.

चहाला उकळी फुटली. बाईंनी गॅस बंद केला. कप काढताना आवाज होईल म्हणून त्यांनी ते काढलेच नाहीत. हात ओट्यावर टेकून तशाच उभ्या राहिल्या.

“अजून सांगा,” बाहेर ती म्हणत होती.